इन्तिसारने पाठवलेला आवाज

साथीच्या त्या रमजानात जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात संध्याकाळी सहाला संचारबंदीचा भोंगा वाजायचा आणि रस्त्यावर चिटपाखरू उरायचं नाही. त्याआधी टॅक्सीवाला मुफ्लिह आपल्या आळीतल्या चाळीस घरी डबे पोचवून परतायचा. त्याची टॅक्सी बंदीमुळे दारात उभी होती. घर चालत होतं ते बायकोच्या, इन्तिसारच्या स्वयंपाकावर.

ऑर्डरी फोनवर यायच्या. उत्तरं मुफ्लिह लिहायचा. परक्या पुरुषांच्या कानी आपला आवाज जाऊ नये असं इन्तिसारला वाटे. उपास असल्याने ती चवही घेत नसे. सासूला मधुमेहामुळे उपास नव्हता, म्हणून चाखायचं काम तिचं.

त्या दिवशी भोंगा वाजून गेल्यावर म्हातारीने गोळीआधी दोन चमचे सूप घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, समुद्र ओतलास की काय?"

"तुम्ही झोपला होतात, उठवलं नाही. मीठ अंदाजाने घातलं."

"मी सकाळीच घातलं होतं की गं!"

इन्तिसारने घड्याळाकडे पाहिलं. डबे घरोघरी गेले होते, बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, आणि उपास सोडायच्या बांगेला जेमतेम तास होता.

"राहू दे," मुफ्लिह म्हणाला. "लोक पाणी पितील. सांगत बसलीस तर उद्या एक ऑर्डर यायची नाही."

"दिवसभर तहानलेली माणसं आहेत, अबू रकान." नवऱ्याला ती मुलाच्या नावाने, रकानचा बाप म्हणून, हाक मारायची. " खजुरामागोमाग माझंच सूप तोंडाला लावणार. अल्लाला काय सांगू, धंदा बुडेल म्हणून गप्प बसले?"

"बरं, लिहितो मी."

"पलीकडच्या म्हाताऱ्या उम् हातिमला वाचता येतं का? निम्म्या म्हाताऱ्यांना येत नाही. आण तो फोन."

फोनमधून कुणी बघणार असल्यासारखी तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि सगळ्या घरांना पाठवायला आवाज भरू लागली.

"मी इन्तिसार. चूक माझी आहे." सासू काही बोलायला गेली, तिला तिने हातानेच थांबवलं. "सूप खारट झालंय. पाणी घाला, दोन बटाटे टाकून उकळा. आजचे पैसे नकोत. माफ करा. अल्ला तुमचा उपास कबूल करो."

थोड्या वेळाने उत्तरं आली. "टाकले बटाटे, पोरी." शेजारचा न्हावी म्हणाला, "माझ्या बायकोच्या सुपापुढे हे सरबत आहे!"

सात घरांनी डबा बंद केला. तेहतीस राहिली, ती शेवटपर्यंत.

पुन्हा इन्तिसारने आवाज कधी पाठवला नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. मुफ्लिहपाशी तिचा आवाज आहे तो एवढाच. आता भोंगा वाजत नाही, तरी सहाच्या सुमाराला तो फोन कानाला लावतो.

"चूक माझी आहे," ती म्हणते.

"नव्हती गं," तो म्हणतो.