अकरा हजार मोहरा

धायरीत संभाजीच्या प्लॉटवर भर दुपारी ही गर्दी! कुणी हात जोडलेले, कुणी मोबाइल उंचावलेले. खड्ड्याच्या काठावर दर्याबाबा एका डोळ्याला काळी पट्टी बांधून घुमत होता.

"बाबांच्या अंगात चाचा आलाय!"

"चाचा म्हंजे? कुणाचा काका?"

"अवं, समुद्रावरचा दरोडेखोर!"

बाबानं शेंदूर फासलेला, खालून मोडलेला पत्रा दाखवला. त्यावर कवटी, दोन हाडं आणि आकडा: ११०००. "ही माझी खूण! इथं अकरा हजार मोहरा पुरल्यात! पायाळू पोरीनं पहार मारली, तरच हाती लागतील!"

पायाळू होती संभाजीची दहा वर्षांची तनुजा. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, एवढाच तिचा गुन्हा. अशांना म्हणे जमिनीतलं धन दिसतं! तिला तर भीतीनं समोरचंही धड दिसत नव्हतं.

"आबा, नको ना. तो चाचा मला धरील."

"बाबा हायेत ना वर. एकच घाव घाल, माझी शहाणी बाय." संभाजीही घाबरला होता, पण त्यानं तिला खड्ड्यात सोडलंच.

"मार! नाहीतर घरादारावर कोप होईल!" बाबा वरून गरजला.

तिनं डोळे मिटून पहार उचलली. घामेजल्या हातांतून ती निसटली आणि आडवी पडली. उचलायला वाकली, तर मातीत बोटांना पत्र्याची पट्टी लागली. तिनं ती फ्रॉकला पुसली. 'व्होल्ट. धोका.' मोडलेली कड लख्ख होती, गंजाचा पत्ता नव्हता. बाबाच्या पत्र्यावरचा आकडा आठवून ती झटकन मागं सरली.

"आबा! वर घ्या मला! इथं करंट हाय!"

तिच्या वर्गशिक्षिका हेमाबाई गर्दी हटवत पुढे आल्या. आधी त्यांनी पोरीला वर ओढलं, मग तिच्या हातातली पट्टी आणि बाबाचा पत्रा घेऊन दोन्ही तुकडे जुळवले. तसूभरही फट राहिली नाही.

"अहो दर्याबाबा, मोहरा व्होल्टमध्ये कधीपासून मोजतात?"

घाबरलेल्या बाबानं घाम पुसला, तर पट्टी दुसऱ्याच डोळ्यावर गेली.

"आणि चाचे लूट पुरत बसत नसत. बहुतेकदा कापड, धान्य, दोरखंड लुटायचे, वाटून घ्यायचे आणि बंदरातच उडवायचे. घाट चढून धायरीला कशाला येतील? प्लॉट घ्यायला?"

लोक हसणार, तेवढ्यात 'करंट' ऐकताच कुणीतरी बोलावलेला शेजारचा वायरमन येऊन खड्ड्यात डोकावला. रस्ता रुंद करताना खांब काढून तारा जमिनीखालून नेल्या होत्या, खांबावरची ही धोक्याची पाटी तेव्हाच मातीत गेलेली.

"केबल वीतभर खाली आहे, चालू आहे. एक घाव बसला असता, तर ही पोरगी..." त्यानं सगळ्यांना खड्ड्यापासून मागं हटवलं.

लोकांनी पळणाऱ्या बाबाला धरलं. पाटी आपणच मोडली, अडचणीचे शब्द मातीत दडवले, असं त्यानं कबूल केलं. खालची केबल मात्र त्याच्या दिव्यदृष्टीला दिसली नव्हती!

संभाजी लेकीपुढं खाली बसला. लेकीचे मातीनं भरलेले पाय छातीशी धरून तो हमसून रडला. "चुकलो गं बाय, चुकलो."

तेव्हा मंडळी, कवटी दिसली की हात जोडू नका, खाली काय लिहिलंय ते बघा. तनुजानं वाचलं, म्हणून ती वाचली.