बाबांचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. बैठकीच्या खोलीत, चपलांच्या कपाटावर माझा मुक्काम. मला अजून घरात ठेवलंय ते काही प्रेमापोटी नव्हे. माझ्याच तारेतून इंटरनेट येतं म्हणून.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! अंगावर विणलेला रुमाल असायचा. घंटा वाजली की सगळे धावत यायचे. नंबर लक्षात ठेवणं मला जमत नाही. ते काम माणसांचं. इथली आत्या तर गप्पा मारता मारता, न बघता नंबर लावायची. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि मी धूळ खात पडलो. मी ते मनाला लावून घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, घेतलंच.

परवा या घरातल्या छकुलीचे बाबा निघाले. ते जहाजावर इंजिनं दुरुस्त करतात. एकदा समुद्रावर गेले की महिनोन् महिने बोलणं नाही. छकुली रुसली आणि खोलीला आतून कडी घालून बसली. "जा तुम्ही! मला नाही बोलायचं!" बाबा दाराशी घुटमळले आणि आईबरोबर विमानतळावर गेले.

थोड्या वेळाने तीच रडत माझ्याकडे धावत आली. आदल्या दिवसापासून वीज नव्हती, घरातल्या मोबाईलांनी माना टाकल्या होत्या. माझं मात्र तारेवर भागतं. तिने रिसीव्हर उचलला. माझा सूर चालू होता! पण तिचं बोट आकड्यांवर अडलं.

"आत्या, बाबांचा नंबर काय गं?"

"अगं, तो मोबाईलमध्ये आहे ना... शेवटी सात, की नऊ?" आत्याने कपाळाला हात लावला. "लहानपणच्या घराचा नंबर विचार, घडाघडा सांगते. सख्ख्या भावाचा येत नाही बघ!"

छकुलीने अंदाजाने आकडे दाबले. "राँग नंबर!" कोणीतरी खेकसलं. पुन्हा अंदाज, पुन्हा राँग. पाठ होता तो फक्त तिच्या स्वतःच्या, बंद पडलेल्या मोबाईलचा नंबर. वेडीने तोही लावून पाहिला.

मी तर एका पायावर तयार होतो हो! पण जोडू कुणाला?

मित्रांनो, मोबाईल खुशाल वापरा. पण आपल्या माणसाचा निदान एक नंबर डोक्यात असू द्या.

विमानाची वेळ टळली. तरी रिसीव्हर तोंडाशी धरून ती म्हणाली, "बाबा, मी नाही रुसले. लवकर या." शब्द न् शब्द मला ऐकू आला. माझ्या पलीकडे मात्र ऐकणारं कोणीच नव्हतं.