दुखतंय कुणाला

कर्करोग आईच्या हाडांत उतरला, तेव्हा शिवणकाम करून घर चालवणाऱ्या तिच्या लेकीने भावाला निरोप धाडला. भाऊ भिक्खू होऊन अकरा वर्षं झाली होती. तो आला आणि शिलाई मशीनला खेटून लावलेल्या खाटेपाशी चीवर सावरून बसला. ताईने त्याला स्वयंपाकघरात नेलं.

"मेल्यावर बाबा भेटतील का, एवढंच विचारते ती. हो म्हण. तुझं काय जातंय?"

"मला माहीत नाही, ते कसं सांगू?"

"मी रोज सांगते. माझं तिला पटत नाही. तुझं पटेल."

तो परत खाटेपाशी जाऊन बसला.

दुपारी औषध संपलं. नवी बाटली उद्या सकाळीच मिळणार होती. आई कण्हायला लागली. लेकाचं मनगट आवळून म्हणाली, "तुमच्या त्या निर्वाणात दुखत नाही म्हणे. पण दुखत नाहीये, हे मला कळेल का?"

तो हळूच म्हणाला, "आई, दुखतंय, ते कळतंय. पण ज्याला कळतंय असा वेगळा कुणी आत आहे का, बघ. मी पुष्कळ शोधला. सापडला नाही."

आईने डोळे मिटले. ताईला वाटलं, मात्रा लागू पडली.

"मग इतकी वर्षं मी लाड कुणाचे पुरवले रे?" आईने विचारलं, आणि ती हमसून रडायला लागली.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "ऊठ. जखमेवर मीठ चोळायला नव्हतं बोलावलं तुला."

तो उठून दारापर्यंत गेला. मागून आईचा आवाज आला, "बारक्या, आहेस का रे?"

तो थबकला. परत येऊन त्याने खाटेशी गुडघे टेकले. "आहे, आई. मी आहे."

घटकाभराने तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. दिवेलागणीपर्यंत हेच चाललं. त्याचा घसा बसला, तरी दर वेळी तो 'मी आहे' म्हणत राहिला. बाबांचं नाव तिने परत काढलं नाही.

सकाळी औषधाचं दुकान उघडायच्या आधीच आई गेली.

चादर बदलताना ताई म्हणाली, "शेवटी खोटंच बोललास ना?"

"माहीत नाही, ताई." तो चादरीचं टोक धरून खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

त्याला जवळ घ्यावं, असं तिला वाटत होतं. पण तोंडातून सारखं एकच निघत होतं, "आता ती कुठे आहे, तेवढं सांग. तेवढंच सांग मला."