आत कुणीच नव्हतं

मित्रांनो, मी ऑल्बोर्ग शहराच्या अग्निशमन दलातला एक दोर आहे. खरे सांगायचे तर अर्धाच दोर.

माझे काम साधे होते. पेटलेल्या घरात धूर इतका दाट असतो की स्वतःचा हातही दिसत नाही. जवान भिंत चाचपत, रांगत माणसे शोधतात. माझे एक टोक खालच्या दाराशी बांधलेले असे, दुसरे पुढच्या जवानाच्या कमरेला. परतीची वाट म्हणजे मीच.

पुढचा जवान बहुधा थोरकिल्ड असे. तो मला फार जपे. प्रत्येक आगीनंतर मला धुऊन, बोटांनी तपासून सावलीत वाळवी.

"बायकोला इतकं गोंजारलं असतंस तर सोडून गेली नसती," आगीत त्याच्यामागून येणारी जवान सिग्ने चिडवी.

"ती धुरात काय कामाची?" तो म्हणे.

एका हिवाळ्यात, संध्याकाळी, बंदराजवळच्या जुन्या घराला आग लागली. शेजारीण रस्त्यात आकांत करत होती, "होल्गर वर आहे हो! एकटाच असतो, पायानं अधू आहे!"

थोरकिल्ड पुढे, सिग्ने मागे, असे दोघे जिना चढून वर गेले. पलंगाखाली पाहिले, कपाटामागे पाहिले, न्हाणीघरही धुंडाळले. हाकांना उत्तर नव्हते.

"मागे फिर, पाठीवरच्या टाकीतली हवा संपत आलीय," सिग्ने म्हणाली.

"एवढी पलीकडची खोली बघतो. म्हातारी माणसं खिडकीकडे जातात."

तो पुढे सरकला आणि जमीन खचली. सगळा भार माझ्यावर आला. सिग्नेने चौकटीला पाय रोवून मला दोन्ही हातांनी ओढले. जवान निपचित पडला की त्याच्या अंगावरचा भोंगा आपोआप वाजतो. खालून तो वाजू लागला. ती ओढतच राहिली. शेवटी मी वितळलो, तुटलो. उरलेल्या माझ्यावरून चाचपडत ती एकटी बाहेर आली.

आणि होल्गर? तो समोरच्या दारूच्या गुत्त्यात खिडकीशी बसला होता. कढईतले तेल पेटताच तो सर्वांआधी बाहेर पडला होता.

पुढे तो केंद्रात आला. टोपी मुरगाळत म्हणाला, "आग माझ्याच हातून लागली. लोक बोल लावतील म्हणून गप्प बसलो. तुम्ही आत जाताना दिसलात, पण वाटलं, येतील की बाहेर."

सिग्ने म्हणाली, "जाताना दार लावून घ्या."

मग भाषणे झाली. मला काचेच्या कपाटात ठेवून खाली 'शौर्य' असे लिहिले. कसले शौर्य! रिकाम्या घरापायी माणूस गेला. आता त्या काचेवरची धूळसुद्धा कुणी पुसत नाही. सिग्ने समोरून जाताना मान फिरवते.

मित्रांनो, घर पेटले तर पळा. कशासाठीही मागे वळू नका. पण बाहेर आल्यावर भररस्त्यात ओरडा, 'मी इथे आहे!' चूक तुमची असली तरी ओरडा. शिव्या खा, मारही खा. तुम्ही गप्प राहिलात, तर तुम्हाला शोधायला कुणीतरी आत जाईल. आणि तुम्ही सापडेपर्यंत मागे फिरणारी ती माणसे नसतात.