कालोलोचा वाटा

कालोलोची अन्नावरची वासनाच उडाली. बायकोने, लेपेकाने, भाजलेला नीरफणस कुस्करून दिला, नारळाच्या दुधातला भात दिला, अगदी जहाजातून आलेला डब्यातला पीचसुद्धा दिला. म्हातारा घास तोंडात धरायचा, इकडचा तिकडे करायचा आणि लहान मुलासारखा हळूच बाहेर काढून ठेवायचा.

"अरे म्हाताऱ्या, निदान गिळ तरी!"

"घसा बंद झालाय गं."

"बोलायला बरा उघडतो!"

त्यावर तो हसायचा, आणि हसता हसता दम लागायचा.

मुलगी न्यूझीलंडला. फोनवर रडायची, "आई, बाबांना पुढच्या जहाजात घाल, आपियाच्या विमानतळापर्यंत आण, तिथून मी विमानाने नेते." पण टोकेलाऊच्या बेटांचं जहाज ते. समुद्र खवळला की येत नाही, आणि आलं तरी बंदर नाही. पुळणीवरून पडाव न्यायचा, लाटेचा अंदाज घ्यायचा आणि माणसाला पोत्यासारखं जहाजावर ओढायचं. कालोलो म्हणाला, "मला मासळीसारखं टांगून न्यायचं नाही." बोलणं तिथेच संपलं.

एके दिवशी सकाळी मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, "कासव खावंसं वाटतंय."

लेपेकाचे चटई विणणारे हात थांबले. किती दिवसांनी याला काही खावंसं वाटलं होतं! तिने मनातल्या मनात देवापुढे हात जोडले. देवा, एवढा एक घास याच्या पोटात जाऊ दे, मग तुझी इच्छा.

आणि देवाने ऐकलंही. म्हणजे तिला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी केवड्याची पानं तोडायला ती खाडीपलीकडच्या रिकाम्या बेटावर गेली, तर पुळणीवर फरफटल्याची ओली खूण, आणि झुडपाच्या बुडाशी अंडी घालून दमलेलं कासव. फार मोठं नव्हतं. लेपेकाने ते उलटं केलं, होडीत घेतलं, वर पानांचे भारे रचले.

आता टोकेलाऊतलं शेंबडं पोरही सांगेल, की कासव एकट्याचं नसतं. बाकीची मासळी मिळाली तर घरी न्या, कुणी विचारत नाही. पण कासव आणि तलवारमासा गावाचा. कुणालाही सापडो, किनाऱ्यावर आणायचा, वाटप करणाऱ्याने कापायचा, माणशी वाटे मांडायचे, सगळे वाटे मांडून झाल्यावर घराघराची हाक द्यायची. तान्ह्या मुलालाही वाटा, पाहुण्यालाही वाटा. आणि हे वाटप जन्मभर कुणी केलं? कालोलोने. त्याची सुरी चालायची आणि लोक बोलणं थांबवून बघायचे. आता ते काम लिनोकडे होतं.

हे सगळं लेपेकाला ठाऊक नव्हतं का? होतं. होडी वल्हवताना तिचा एक हात ओढत होता गावाच्या पुळणीकडे आणि दुसरा घरामागच्या खाडीकडे. गावात कासव नेलं की याच्या वाट्याला येणार बोटाच्या पेराएवढा तुकडा. आणि याला जर भूक लागली, अजून मागितलं, तर? शेवटी होडी घरामागे लागली.

तिने मागच्या झोपडीत निम्मं कापलं, नारळाच्या दुधात शिजवलं, उरलेलं ओल्या गोणपाटाखाली झाकलं. वाटी घेऊन आली तेव्हा वासानेच म्हाताऱ्याने डोळे उघडले. जुनं ओळखीचं कुणीतरी हाक मारतंय तसं त्याचं तोंड उजळलं. त्याने मान उचलली. चमचा ओठाला लागला.

आणि थांबला.

"वाटप कधी झालं?"

"मघाशी. तुझा डोळा लागला होता."

"लिनोच्या हाकेने मेलेला उठेल, लेपेका. मला जाग नाही आली?"

चमचा हवेत.

"कुणाच्या घरानंतर आपली हाक आली?"

सांगायला तिच्या जिभेवर चार नावं होती. एकही बाहेर पडेना.

"परत ने," तो म्हणाला.

मग मात्र लेपेकाचा बांध फुटला. "जन्मभर दुनियेला वाटत बसलास! सगळ्यांना मांस, आणि आपल्या घरी शेपूट! मी कधी बोलले? आज एक दिवस, एक घास खाल्लास तर आभाळ कोसळणार आहे का?"

"तू केलंस ते मायेनं केलंस, मला कळत नाही होय?" त्याने तिचं मनगट धरलं, पकडीत काही जोर नव्हता. "पण हे तान्ह्यांच्या तोंडचं आहे गं. मी कुणाच्या तोंडचा घास कधी खाल्ला नाही. आता जाताना खाऊ? जा, ने. आणि लवकर ने. मलाही भूक लागलीये."

तेवढ्या एका शब्दावर ती उठली. भूक लागलीये म्हणाला!

सभाघरात वडीलधारी मंडळी समुद्र अडवायच्या भिंतीवरून वाद घालत होती. मध्यभागी तिचा धाकटा भाऊ एसेरा, यंदाचा गावप्रमुख. लेपेकाने पातेलं त्याच्यापुढे ठेवलं, गोणपाटातलं कच्चं मांस शेजारी, आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

एसेराची मान खाली. भावाने बहिणीला उणा शब्द बोलायचा नाही, तिच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, तिच्याजवळ बसायचं नाही, ही इथली रीत. आणि गावप्रमुखाने तर बोललंच पाहिजे. बिचारा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. शेवटी कोपऱ्यातला म्हातारा फोउआ खाकरला.

"मीठ तरी नीट घातलंस का गं पोरी? की सगळ्या गावाला अळणी खायला लावतेस?"

कुणीतरी फिसकन हसलं. हवा सैल झाली.

"दंडाचं पुढच्या बैठकीत बघू," फोउआ म्हणाला. "मांस काही बैठकीची वाट बघणार नाही. लिनोला बोलवा. एसेरा, तू कालोलोपाशी जाऊन बस."

एसेरा उठला. बहिणीजवळून जाताना तिच्याकडे न बघता पुटपुटला, "आक्का, मी आहे त्यांच्यापाशी."

किनाऱ्यावर पानं अंथरली गेली. लिनोने सुरी धुतली. कच्चं एकीकडे, शिजलेलं एकीकडे, पण प्रत्येक वाट्यात दोन्हीतलं थोडं थोडं यायला हवं. पोरं शाळेतून धावत आली, बाया टोपल्या घेऊन आल्या. कुणी लेपेकाला टोचून बोललं नाही. एक शेजारीण तर तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"लिनो," लेपेका हळूच म्हणाली, "त्याचा तेवढा आधी देतोस का रे? आजारी आहे."

"द्या रे तिला आधी," फोउआही म्हणाला.

लिनोची सुरी थांबली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "काकी, त्यांनीच शिकवलंय मला. सगळे वाटे मांडल्याशिवाय एकही उचलायचा नाही. लहानपणी मी माझ्या आईसाठी आधी मागितलं होतं, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर चापट मारली होती. आता मी त्यांच्याच वाट्याला आधी हात लावू?"

"मांड बाबा," लेपेका म्हणाली. "मांड नीट."

तो मांडत राहिला. तुकडा जरा मोठा झाला की परत कापायचा. गाव म्हटलं तर मूठभर, पण मांडायला बसलं की संपता संपत नाही. लेपेका एकदा वाट्यांकडे बघे, एकदा आपल्या घराच्या पत्र्याकडे. देवा, भूक टिकू दे त्याची.

मग लिनो उठला आणि हाका सुरू झाल्या. घरामागून घर. कालोलोच्या घराची हाक त्याने अशी दिली की खाडीपलीकडचे पक्षी उडाले.

लेपेकाने केळीच्या पानावरचे दोन वाटे उचलले आणि या वयात, सगळ्या गावादेखत, धावत सुटली.

दारात एसेरा उभा होता. आज पहिल्यांदाच त्याने बहिणीच्या डोळ्यांत बघितलं.

"हाक ऐकली त्यांनी," तो म्हणाला. "मला म्हणाले, मला बसतं कर. मी बसतं केलं. दाराकडे बघत होते, आक्का. मग मान माझ्या खांद्यावर टेकली. मला वाटलं, दमले."

ती आत गेली. कालोलो भिंतीला टेकून होता, तोंड जरासं उघडं, जेवायला बसलेल्या माणसाचं असतं तसं.

ती त्याच्यासमोर बसली आणि रडण्याआधी भांडली. "खाल्लं असतंस सकाळी तर काय बिघडलं असतं? चमचा ओठाशी होता रे! ओठाशी होता!"

हळूहळू अंगण भरलं. बायांनी स्तोत्र धरलं, पुरुषांनी खालचा सूर. देवाच्या दारी कुणी उपाशी जात नाही, अशा अर्थाचं ते गाणं. लेपेकाला ते लहानपणापासून पाठ होतं, पण आज त्यातली ओळ तिच्या गळ्यातून उठेना. ती पानाकडे बघत बसली. एकदा दिलेला वाटा परत फिरवायचा नाही, टाकायचा तर नाहीच.

"आक्का, खा," एसेरा म्हणाला. तो खाली बसला होता, तिच्याजवळ, जसं भावाने बसू नये तसा. "गावाने दिलेलं आहे. आता तुलाच खायचंय."

तिने आधी आपला तुकडा खाल्ला. मग नवऱ्याचा तोंडात घातला. मांस मऊ शिजलं होतं, मीठही बेताचं पडलं होतं. चव फार चांगली होती, आणि तेच तिला सोसलं नाही.