पाण्याची रेघ

‘‘लाल काढून हिरवं कर आणि घरी जा ना, शुभांगी,’’ मॅनेजर अमोघ सर तिच्या खुर्चीमागे उभं राहून म्हणाले. उद्या बंदरवाल्यांना डेमो होता.

समुद्राचे प्रवाह संगणकावर गणितानं मांडतात. त्या डोंगराएवढ्या आकड्यांचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर ही मंडळी बनवत होती. तपासायचं काम शुभांगीचं. चित्र झरझर फिरावं म्हणून यांनी मधले आकडे गाळले, आणि बंदराच्या तोंडाशी असलेला भोवरा चक्क गायब. आता बोला! पाणी मात्र कसं गुळगुळीत, देखणं. तिनं लाल शेरा मारला होता.

‘‘एवढा मोठा समुद्र, एवढासा भोवरा. कोण बघतंय?’’

‘‘ज्याची बोट त्यात सापडेल, तो बघेल.’’

‘‘मग या टीममध्ये तुझं कठीण आहे.’’

‘‘तुम्ही करा हिरवं, सर. तुमच्या नावानंही होतं की.’’

सर आपल्या केबिनकडे निघून गेले.

मारुंजीला घरी आली, तर तिचे आबा, गेणबा, भाड्यानं द्यायच्या खोलीत ब्रश घेऊन बसलेले. शेजारच्या सोसायटीच्या नकाशात ओढा बारीक म्हणून काढलाच नव्हता, आणि इमारत त्याच्या वाटेवरच उभी राहिली. तेव्हापासून पावसाळ्यात तो या खोलीत शिरायचा, गुडघाभर. नवा भाडेकरू यायच्या आधी आबा भिंतीवरची पाण्याची रेघ रंगवून टाकायचे. आज ते बघून तिचं टाळकंच सरकलं.

ऑफिसातलं ऐकून आबा म्हणाले, ‘‘सायबाचं आयकायचं. येवढ्यानं काय बिघडतंय?’’

‘‘आबा, नकाशात न्हाई म्हणून ओढा वाहायचा थांबला का? तुमी तरी का पुसताय त्याला?’’

‘‘खोली रिकामी ऱ्हाईल, पोरी.’’

‘‘ऱ्हाऊ द्या. माझी खुर्ची बी जाऊ द्या.’’

सकाळी शेरा लालच होता. हिरव्याखाली स्वतःचं नाव घालायला कोणी पुढे आलं नव्हतं. डेमो पुढे ढकलला गेला आणि शुभांगीला टीममधून काढून झेरॉक्स मशिनशेजारी बसवलं. वाईट वाटलं, लई वाटलं. तरी आपला कप उचलून ती सगळ्यांदेखत ताठ मानेनं तिकडे गेली.

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा दोन पोरं खोली बघत होती. भिंत नवी कोरी रंगवलेली. रेघ तेवढी आबांनी तशीच सोडली होती.

‘‘ये क्या है, चाचा?’’ एकानं विचारलं.

आबांनी शुभांगीकडे पाहिलं, मग रेघेवर हात ठेवला.

‘‘बरसात में हितवर पानी येता है,’’ ते म्हणाले.