दोन-दोनच धरा

"दार उघड म्हंते ना मी!" बायजाबाई सुनेवर ओरडली, ते पार माझ्या ओटीवर ऐकू आलं.

हातातलं सूप तसंच टाकून मी धावले. आमच्या घरामागंच त्यांची कोंबड्यांची शेड. दाराशी सासू-सून समोरासमोर उभ्या. नम्रतानं किल्ली मुठीत आवळून धरलेली.

"आई, कंपनीचा नियम हाय. पक्षी भायेर काढायचा नाय. रोग लागंल त्यांना."

"रोग लागायला जित्या तर राह्यल्या पायजेत! आत बघ गो जरा!"

मी जाळीतून आत डोकावले. भाताच्या तुसावर पांढऱ्या कोंबड्या दाटीवाटीनं बसलेल्या. चोची उघड्या, पंख पसरलेले, छाती भात्यासारखी खालीवर. उग्र वासानं डोळ्यांना पाणी आलं. कडेच्या काही तर माना टाकून आडव्या झाल्या होत्या.

वैशाखातली दुपार. खाडीवरचा वारासुद्धा मेला होता. अंगावरचं लुगडं पिळलं तर घामाची वाटी भरली असती. बांधाला उधाणानं खांड पडली नि शेतात खारं पाणी शिरलं, तेव्हापासून त्या तुकड्यात भात होईना. म्हणून बायजाबाईच्या पोरानं, प्रविणनं, तिथं ही शेड घातली. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, राबायचं आपण. वाढवून दिली की कंपनीची गाडी येऊन घेऊन जाते. ही खेप तयार झाली होती. गाडी त्याच रात्री यायची होती.

आणि नेमकी सकाळीच कुठंतरी तार तुटली नि लाईट गेली. जनरेटरनं दुपारपर्यंत पंखे ओढले, मग त्याचंही डिझेल संपलं. प्रविण डिझेल आणायला वडखळला गेला तो तिथंच ट्रॅफिकमध्ये अडकला. फोनवर म्हणत होता, "आई, पुढं बी जाता येत नाय नि मागं बी नाय."

नम्रतानं कंपनीच्या सुपरवायझरला, जितेशला, फोन लावला. तो म्हणाला, "उघडू नका. पाणी मारा."

"मारलं की सकाळधरनं!" बायजाबाई म्हणाली. "वाऱ्याबिगर पाणी मारून भाप झाली नुसती. दे ती किल्ली."

नम्रता क्षणभर तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनंच कुलूप काढलं.

दार सताड उघडलं. आम्हाला वाटलं, आता झुंबड उडेल. पण एक कोंबडी हलेल तर शपथ! दारातल्या दारात बसून नुसत्या बाहेरच्या उजेडाकडं बघत राहिल्या. मी हुसकावलं तशी एक उठली, दोन पावलं टाकली नि बदकन बसली. अंगावर मांस एवढं चढवलेलं, की पायांना ते पेलेना.

बायजाबाईचा नवरा नाथा मागं उभा होता. उभी हयात मिठागरावर घालवलेला माणूस, बोलणं कमीच. तो म्हणाला, "त्यांनी जल्मात दार बघितलंय का? भायेर जायाचं असतं, हे तरी कसं ठावं असनार?"

"मंग आपन नेऊ," बायजाबाई म्हणाली. "मालू, टोपल्या आन. धोंडुबाईला हाक मार."

आळीतल्या बायका आल्या. आम्ही कोंबड्या टोपल्यांत घालून चिंचेखाली नेऊन ठेवायला लागलो. हाताला त्यांचं अंग असं लागायचं, जसं काही तव्यावरची भाकरी. नाथा विहिरीचं पाणी ओढत होता, त्यात गूळ कालवत होता. मेलेल्या एका कडेला टाकल्या. तो ढीग बघवत नव्हता. कंबर मोडून आली तरी शेड काही रिकामी होईना.

एक कोंबडी चिंचेखालच्या मातीत बसली होती. बसल्याबसल्या तिनं पाय लांब केला नि माती उकरली. मग थांबली. परत उकरली.

"आई, बघा ना," नम्रताला एवढ्या त्रासातही हसू फुटलं. "हिला कुनी शिकवलं वो?"

बायजाबाई बघत राहिली. हसली मात्र नाही. "चल, आत अजून लय हायेत," एवढंच म्हणाली.

दिवस कलल्यावर लाईट आली. त्यापाठोपाठ डिझेलचा कॅन घेऊन प्रविण आला, तोंड धुळीनं माखलेलं. सगळ्या कोंबड्या परत टोपल्यांतून आत नेल्या. मेल्या त्या मेल्या, पण बहुतेक वाचल्या. घरी जाऊन मी न जेवताच आडवी झाले.

गाडीसुद्धा त्याच ट्रॅफिकमध्ये रखडली नि रात्रीऐवजी उजाडल्यावर आली. संगती जितेश नि कोंबड्या उचलणारे गडी. चिंचेखालची पिसं जितेशनं बघितली, पण शेडमध्ये फिरून आला तो खुशीत. "मावशी, एवढ्या उकाड्यात मर लय कमी हाय. नियम मोडल्याचं मी वर सांगत नाय."

गडी कामाला लागले. एकेका मुठीत चार-पाच तंगड्या धरायच्या, उलटं लोंबकळत न्यायचं नि क्रेटमध्ये भिरकावायचं. पंखांची फडफड, कलकलाट. गाडीच्या आवाजानं मी नि धोंडुबाई आलो होतो; कुठल्यातरी कोंबडीचं हाड मोडल्याचा कट्ट आवाज आम्हालाही ऐकू आला.

बायजाबाई अंगण झाडत होती. झाडू टाकून ती गाडीच्या फाळक्यापाशी येऊन उभी राहिली.

"ए बाबा, दोन-दोनच धर. पोटाखाली हात घाल. ठेव आत, फेकू नको."

गडी हसले. जितेश म्हणाला, "मावशी, हॉटेलात जायच्यात त्या, लग्नाला नाय!"

"कुटं जायच्यात ते मला ठावं हाय. मी काय माळकरी नाय, मी बी खाते. पन मरायच्या आधी तंगड्या कशाला मोडायच्या रं? काल याच हातांनी उचलल्यात मी त्या."

"तसं केलं तर उशीर होईल. ऊन चढलं तर गाडीतच मरतील. मंग?"

हे मात्र खरं होतं. तेवढ्यात नम्रतानं पदर खोचला. "आमी बी उचलतो," म्हणाली नि आत शिरली. मग प्रविण गेला. मग मी, धोंडुबाई. परत तेच वाकणं, तेच उचलणं. फरक इतकाच, की काल सावलीत नेत होतो.

गडी कुरकुरले, पण दोन-दोन धरायला लागले. बायजाबाई पाणी प्यायला घरात गेली, तशा मुठी परत भरल्या. तिनं ओटीवरून बघितलं. तांब्या तसाच ठेवून परत आली नि त्यानंतर जागची हलली नाही. ती उभी होती तोवरच हे चालणार, हे तिला कळून चुकलं होतं. ऊन डोक्यावर आलं. तिचे गुडघे आधीच सुजलेले. एक हात फाळक्यावर टेकून ती शेवटचा क्रेट चढेपर्यंत उभी राहिली. नुसती गड्यांच्या हातांकडं बघत होती.

गाडी बांधावरून निघून गेली. बायजाबाई तिथंच भुईवर बसली.

"कसायासाठीच राखल्या म्हन," नाथा म्हणाला. "काल वाचवल्या नि आज आपल्याच हातांनी चढवल्या. काय मिळालं गो तुला उभं राहून?"

"मला कशाला काय मिळायला पायजे?"

"तिकडं उतरवताना परत तसंच धरतील."

"धरतील. तिकडं मी नाय. हितं व्हते."

नाथा म्हणाला, "ऊठ, पेज खाऊन घे."

"बसू दे जरा. पायच राह्यलं नायत माझं."

तो आत गेला, पेजेचा वाडगा घेऊन बाहेर आला नि तिच्याशेजारी मातीत बसला. तिनं वाडगा हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. बांधावरची गाडीची धूळ अजून खाली बसायची होती.